बर्फात घरी बसून फ्लाय बांधायला शिकतोय, कुठून सुरू करू? आणि भारतातून मोरपिसं मागवू का?

होटनकर_चिपळूणचा
नमस्कार मंडळी. इथे फ्लाय फिशिंग (हूकवर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या किड्याने, म्हणजे फ्लायने, मासे धरणं) करणारं कुणी आहे का बघतो, कारण माझ्या ओळखीत मराठी बोलणारं एकही माणूस या नादातलं नाहीये. आम्ही मिशिगनच्या पार वरच्या टोकाला होटनला राहतो, बायको मिशिगन टेकमध्ये पोस्टडॉक करतेय, मी घरून काम करतो. हे किविनॉ नावाचं टोक लेक सुपीरियरमध्ये घुसलंय, त्यामुळे तलावावरून वारा सुटला की बर्फ सुरू, आणि तो वर्षाला सरासरी दोनशे इंचांच्या वर पडतो. हायवेला बर्फ मोजायची एक उंच पट्टी उभी केलीये, तिच्यावर १९७८-७९ चा ३९०.४ इंचांचा विक्रम लिहिलाय. आत्ता डिसेंबरातच आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग बर्फाने झाकलाय.

लहानपणी वाशिष्ठीवर काकांबरोबर गरवायला जायचो, वेळूची काठी, गळ आणि गांडूळ, एवढंच सामान. इथे गेल्या जूनमध्ये शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा फ्लायवर ब्रुक ट्राउट धरायला नेलं. झाडीतून वाहणारा एवढासा ओढा, आपल्याकडे पऱ्या म्हणतात तेवढाच, आणि त्यात पोटाला केशरी असलेला वीतभर मासा. पाठीवर नागमोडी नक्षी आणि अंगावर निळ्या कड्यातले लाल ठिपके. मी तो पाण्यातच हातात धरून नुसता बघत बसलो होतो. त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही.

नोव्हेंबरात आजोबांनी त्यांचा जुना व्हाइस (बांधताना हूक घट्ट धरणारा छोटा शिकंजा) आणि एक लाकडी पेटी दिली, त्यांची बोटं आता वळत नाहीत म्हणाले. पेटीत कोंबड्याच्या मानेची पिसांसकट कातडी, हरणाचे केस, फेझंट पक्ष्याची शेपटी, दोऱ्याची पाच-सहा रिळं आणि हूकच्या डब्या आहेत. मी थेट अ‍ॅडम्स नावाची फ्लाय बांधायला घेतली कारण जूनमध्ये तिच्यावरच मासा लागला होता. दहा-बारा झाल्या, एकही धड नाही. दोरा मध्येच तुटतो, पीस गुंडाळताना निसटतं, आणि कशीबशी पूर्ण झालीच तर हूकचं नेढं दोऱ्याने बुजलेलं असतं, लाइन ओवायला जागाच राहत नाही.

तर प्रश्न असे की नवीन किट घेऊ का आहे त्यावर शिकू, पहिली कुठली बांधू, आणि तिसरं म्हणजे आई मार्चमध्ये येतेय, तिच्या मैत्रिणीच्या शेतात मोर येतात, तिने गळून पडलेली पिसं पिशवीभर जमवून ठेवलीत, इथे मोरपिसाचे तंतू फ्लायला वापरतात असं कळल्यापासून ती मागेच लागलीये की आणते म्हणून. आणू दे ना?

ओसेबलकाठी
अरे वा, खूप बरं वाटलं वाचून! मी खाली लॅन्सिंगला असतो, पंधरा वर्षं झाली, सुट्टी मिळाली की ग्रेलिंगला ओसेबल नदीवर जातो. मोरपिसांचं कुणी जाणकार सांगेल, मी बांधणीचं सांगतो.

किट घेऊ नका. किटमध्ये वीस प्रकारचं सामान थोडं थोडं असतं आणि व्हाइस अगदी साधा असतो, एकाही फ्लायचं सामान डझनभर होईल इतकं नसतं. तुमच्याकडे चालता व्हाइस आहे, कात्री आहे, दोरा आहे, झालं की. त्याच पैशात एकाच फ्लायचं सामान भरपूर घ्या.

अ‍ॅडम्स आत्ता बाजूला ठेवा. ती आपल्या मिशिगनचीच फ्लाय आहे बरं का, १९२२ साली मेफील्ड गावात लेन हॅलडे यांनी पहिल्यांदा बांधली, बोर्डमन नदीवर ती पहिल्यांदा टाकली ते त्यांचे मित्र चार्ल्स अ‍ॅडम्स, त्यांचंच नाव पडलं. पण तिच्यात उभे पंख पिसाच्या टोकांचे, वर तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांचं ग्रिझली अशी दोन पिसं एकत्र गुंडाळायची, आणि हे सगळं १४ नंबरच्या हूकवर (नंबर जितका मोठा तितका हूक लहान). नवीन माणसाला ती येत नाही यात काही नवल नाही, मला दोन हिवाळे लागले.

पहिली बांधा वूली बगर नावाची फ्लाय. लांब दांडीचा ८ किंवा १० नंबरचा हूक, शेपटीला माराबू (मऊ भुरभुरीत पीस), अंगाला शेनील (मखमली दोरी), वरून एक मऊ लांब पीस शेपटीपासून डोक्यापर्यंत गुंडाळलेलं. तीनच गोष्टी. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ ला ही बसवली, आणि आजही कुठल्याही नदीवर कुठल्याही माशाला चालते. तुमच्याकडे ट्राउटचा मोसम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडतो, तेव्हा बर्फ वितळून ओढे तुडुंब आणि गढूळ असतात, वर तरंगणारी फ्लाय त्या पाण्यात कोण बघणार! तिथे वजन घातलेली काळी किंवा ऑलिव्ह बगर तळाशी फिरवली तर मासा घेतो. म्हणजे शिकायलाही हीच आणि एप्रिलला कामालाही हीच.

आता दोरा का तुटतो ते. दोन कारणं असतात. एक, हूकच्या टोकाला दोरा घासतो, तुम्हाला दिसत नाही पण तिथे त्याचा एक पदर कापला जातो आणि पुढच्या ओढीला तुटतो. मागच्या बाजूला वेढे देताना मुद्दाम बघा टोक कुठे आहे. दुसरं, जुन्या बॉबिनच्या (दोऱ्याचं रीळ धरायचं हत्यार) नळीच्या तोंडाला बारीक खरखर आलेली असते. कानात घालायच्या काडीचा कापूस तिथून फिरवा, कापसाचे धागे अडकले तर नळी खराब, बॉबिन बदला. आणि रिळं किती जुनी आहेत? दोरा जुना झाला की कुजतो, नवीन १४० डेनिअर जाडीचा काळा घ्या. मग एक संध्याकाळ फ्लाय बांधूच नका, नुसता हूक लावा, दोरा गुंडाळा आणि मुद्दाम ओढून तोडा, दहा-पंधरा वेळा. किती ओढल्यावर तुटतो ते बोटाला कळलं की त्याच्या जरा अलीकडे थांबता येतं, आणि तेवढ्याच ताणाने सगळं घट्ट बसतं.

पीस निसटतं ते तुम्ही ते हूकवर ठेवून वरून दोरा ओढता म्हणून, दोरा त्याला घेऊन पलीकडे सरकतो. वस्तू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हूकच्या वर धरायची, दोरा चिमटीतूनच वर न्यायचा, पलीकडून खाली आणायचा, पण सैल, आणि मग चिमूट न सोडता सरळ खाली ओढायचा. दोनदा असंच, मगच चिमूट सोडायची. सगळ्या फ्लाय बांधणीत सर्वात महत्त्वाची हालचाल हीच आहे.

नेढ्याचं सांगतो. काळ्या मार्करने हूकच्या दांडीवर नेढ्यापासून दोन नेढी मावतील इतकी जागा सोडून खूण करा, आणि ठरवून टाका की शेनील, पीस काहीही आलं तरी त्या खुणेच्या पुढे जायचं नाही, पुढची जागा फक्त डोक्याच्या गाठीची. पहिल्या दहा फ्लायमध्ये मोह होतो की अजून एक वेढा मावेल. त्या एका वेढ्यानेच नेढं बुजतं.

आणि शेनील बांधताना टोकाचा मखमली भाग नखाने खरवडून काढा, आत दोन बारीक सुतं दिसतील, फक्त ती सुतं बांधा. म्हणजे शेपटीपाशी गाठोडं होत नाही.

एकच फ्लाय, एकाच नंबरची, बारा. बारा झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. पहिली आणि बारावी शेजारी ठेवून फोटो टाका इथे.

गरी_आणि_पाग
दादा, वाशिष्ठी आणि गरवणं वाचून राहवलं नाही. मी मालवणचा, खाडीत तांबोशी माशासाठी फ्लाय टाकतो. तुमचा हिवाळा तसा आमचा पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, समुद्र खवळलेला, खाडी गढूळ, मग दोन महिने पडवीत बसून मीही हेच करतो. मी जास्त करून क्लाउझर मिनो नावाची फ्लाय बांधतो, बॉब क्लाउझर यांची, जड डोळे हूकच्या वर बांधलेले असतात त्यामुळे ती पाण्यात उलटी होते, टोक वर राहतं आणि खडकात अडकत नाही.

पिसांचं माझं म्हणाल तर गावठी कोंबडा कापला की मानेची आणि पाठीची पिसं घेतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची, मग लांबीप्रमाणे वेगळी करायची. अशी पिसं मऊ असतात, पाणी पितात, म्हणजे पाण्याखालच्या फ्लायला एकदम झक्कास. पण वर तरंगणाऱ्या फ्लायला नाही चालत, तिला ताठ आणि बारीक तंतूंचं पीस लागतं, त्यासाठी तुमच्याकडे अमेरिकेत खास पिसांसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले कोंबडे असतात. आजोबांच्या पेटीतली मानेची कातडी तशीच असणार, ती बगरवर खर्च करू नका, अ‍ॅडम्ससाठी जपून ठेवा. बगरला साधी स्वस्त पिसं आणा.

आणि मोरपिसांऐवजी आईंना एक सांगा. जर. शिवणाच्या सामानाच्या दुकानात भरतकामाच्या जरीचं रीळ मिळतं ना, ते. फ्लायच्या अंगावर चकाकणारी जी सोनेरी रेघ गुंडाळतात ती तीच गोष्ट आहे, आत सूत आणि वरून चपटी चकचकीत पट्टी गुंडाळलेली. मी सगळ्या फ्लायना तीच वापरतो. खोटी जर घ्या, खऱ्या चांदीची काळी पडते. एवढंच बघा की कापल्यावर टोक उसवतं, म्हणून कापायच्या जागी आधी नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि वाळल्यावर कापायची.

रानपाखरू
मोरपिसांचं मी सांगते. मिनिआपोलिसजवळ राहते, पक्षीनिरीक्षण करते, नवरा फ्लाय बांधतो, त्यामुळे या विषयावर आमच्या घरी बरंच बोलणं झालंय.

कृपा करून आईंना पिसं आणायला सांगू नका. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये येतो. आपोआप गळलेली पिसं भारतात घरात ठेवायला हरकत नाही, आपल्या देव्हाऱ्यात असतातच, पण ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे, मग ती गळलेली असोत, विकत घेतलेली असोत की दहाच असोत. शिवाय अमेरिकेत उतरताना प्राण्यापक्ष्यांपासूनची वस्तू जाहीर करावी लागते. साठी उलटलेल्या बाईला चोवीस तासांच्या प्रवासानंतर विमानतळावर पिशवी उघडून उत्तरं द्यायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. गळलेलं कुठलं आणि मारून उपटलेलं कुठलं हे बॅग तपासणाऱ्याला सहज ओळखता येत नाही, म्हणून बंदी सरसकट आहे, आणि ती असायलाच हवी.

इथे फार्मवर पाळलेल्या मोरांचे तंतू ओळीने दोऱ्यात ओवून विकतात, थोडक्या डॉलरमध्ये मोसमभर पुरतात. तेच घ्या.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे अंगणात पडलेलं पीससुद्धा उचलून वापरायचं नाही. ब्लू जे, रॉबिन, चिकडी, सीगल, कावळा, यांपैकी कुणाचंही. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, त्यात इथले जवळजवळ सगळे रानपक्षी येतात आणि नुसतं पीस बाळगणंसुद्धा चालत नाही. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर लावायला पिसांसाठी बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जायच्या, त्यातून तो कायदा आला. फेझंट आणि टर्की त्यात येत नाहीत, त्यामुळे आजोबांच्या पेटीतली फेझंटची शेपटी बिनधास्त वापरा.

आपल्याकडचंही एक उदाहरण देते. सह्याद्रीत पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो राखाडी रानकोंबडा, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळसर पांढरे चकचकीत ठिपके असतात. त्या ठिपक्यांसाठी इंग्रजांच्या काळापासून त्याच्या माना सामन मासे धरायच्या फ्लायसाठी विलायतेला जायच्या. आता भारतातून ते बंद आहे, परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात आणि प्रचंड महाग असतात. मी तो कोयनेच्या जंगलात एकदा जिवंत बघितलाय, वाटेवर पाचोळा उकरत होता, कोवळं ऊन मानेवर आलं आणि ते ठिपके एकदम पेटल्यासारखे दिसले. तेव्हापासून व्हाइसमधल्या फ्लायवर ते पीस बघवत नाही मला.

शेवटचं, जुनी पेटी आहे म्हणताय तर ती घरात मोकळी ठेवू नका. पिसांना आणि केसांना बारीक किडे लागतात, कार्पेट बीटल आणि कसर, ते लोकरीच्या कपड्यांतही जातात. प्रत्येक पीस, प्रत्येक केसांचा तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला आणि सगळं आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, दोन दिवस बाहेर काढा, परत आठवडाभर ठेवा. म्हणजे अंडी उबली असतील तर तीही मरतात.

ओसेबलकाठी
रानपाखरू ताईंना पूर्ण अनुमोदन. मोरतंतू इथलेच घेतलेत की पुढे ग्रिफिथ्स नॅट नावाची फ्लाय बांधा, मोरतंतूचं अंग आणि त्यावरून ग्रिझली पीस, बस्स, पाण्यावर चिलटांचा पुंजका तरंगतोय तशी दिसते. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची आहे, १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउट आणि त्यांच्या नद्या जपणारी संस्था सुरू झाली ती त्यांच्याच ओसेबलकाठच्या घरी जमलेल्या मंडळींनी. मोरतंतू फार नाजूक असतो, माशाच्या दातांनी एका फेरीत तुटतो, म्हणून दोन-तीन तंतू दोऱ्याबरोबर पीळ देऊन दोरीसारखे करायचे आणि मग गुंडाळायचे.

होटनकर_चिपळूणचा
सगळ्यांचे खूप खूप आभार, पाच आठवड्यांनी लिहितोय. मधल्या काळात आमच्याकडे सलग नऊ दिवस बर्फ पडला, दोन दिवस रस्ताच बंद होता, मुलीला झोपवलं की रोज दीड तास जेवणाच्या टेबलावर व्हाइस.

आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. आधी हिरमुसली, म्हणाली अरे गळलेलीच तर आहेत. मग रानपाखरू ताईंनी लिहिलेलं तसंच्या तसं वाचून दाखवलं, त्यावर गप्प झाली आणि म्हणाली बरं मग दुसरं काय आणू. जर सांगितली. दुसऱ्या दिवशी दुकानातूनच व्हिडिओ कॉल, सोनेरी दाखव, चंदेरी दाखव, जाड की बारीक, दुकानदारही मान पुढे काढून बघतोय की मासे धरायला जर कशी लागते. तीन रिळं घेतलीत.

पेटी फ्रीझरमध्ये दोनदा ठेवून झाली. बॉबिनच्या नळीत कापूस अडकला, म्हणजे तीच खराब होती, नवीन आणल्यापासून दोरा क्वचितच तुटतो. दोरा मुद्दाम तोडायची संध्याकाळ खरंच कामाची होती. मार्करची खूण पण. पहिल्या तीन बगर अजून बुजल्या, चौथीपासून नेढं मोकळं.

एक अडचण आली ती लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. हीटर दिवसरात्र चालू असल्यामुळे घरातली हवा इतकी कोरडी झालीये की माराबूला हात लावला की तो फुलून बोटांना चिकटतो, हूकवर ठेवायला जावं तर तंतू वर उभे राहतात आणि अंगठ्याकडे ओढले जातात. शेवटी पेल्यात पाणी घेऊन बसलो, दोन बोटं ओली करून माराबू खालपर्यंत कुरवाळला की तो भिजल्या वातीसारखा बारीक होतो, मग लांबी मोजायला पण सोपं जातं, हूकच्या दांडीएवढी शेपटी. वाळला की परत फुलतो.

दुसरं म्हणजे मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणून हूक डबीतून मोजून काढतो, बशीत लोहचुंबक ठेवून त्यावर लावतो, आणि उठताना परत मोजतो. एकदा एक कमी भरला तर रात्री बारा वाजता टॉर्च आणि चुंबक घेऊन आम्ही दोघं गालिचा चाचपत होतो, माझ्याच स्वेटरच्या बाहीला सापडला. आता प्रत्येक हूकचा उलटा काटा व्हाइसमध्ये दाबून सपाट केल्याशिवाय बांधायला घेत नाही, माशालाही सोडताना बरं.

बारा झाल्या काल. सहा काळ्या, सहा ऑलिव्ह. फोटो टाकतोय, डावीकडची पहिली, उजवीकडची बारावी. संध्याकाळी डबी घेऊन आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा बदलला, एकेक उचलून नेढं उजेडाकडे धरून बघितलं, पीस उलटं कुरवाळून बघितलं, आणि शेवटची काळी घेऊन स्वतःच्या टोपीच्या कडेला खोचली. म्हणाले पुढची फेझंट टेल कर, म्हणजे फेझंटच्या शेपटीच्या तंतूंची फ्लाय. तर तिचं सामान घेतोय, हूक १४ चे घेऊ का १६ चे?

ओसेबलकाठी
फोटो बघितला. बारावीचं डोकं छान बसलंय, पीस मात्र पुढे जरा दाट झालंय, शेवटचे दोन वेढे कमी करा.

१४ घ्या. आणि दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार घ्या, फ्रँक सॉयर हे इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करायचे, त्यांची मूळ पद्धत तीच, तारेनेच बांधायची आणि तारेचंच वजन. फेझंटच्या शेपटीचे चार तंतू घ्यायचे, टोकं फ्लायच्या शेपटीला, उरलेले तारेबरोबर पीळ देऊन अंगाला, पुढे तेच मागे-पुढे दुमडून पाठ. तार दोऱ्यासारखी ओढू नका, ताण देताच तुटते, नुसती वळवत न्या. बारा झाल्या की परत फोटो.